मोरोझुमींचं नवं सॉकेट

मोरोझुमींना बरेच महिने झांज नीट ऐकू येत नव्हती, आणि दोष विजेचा आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

झांज म्हणजे त्यांच्या लाडक्या रेकॉर्डमधली. पियानो, बास आणि ड्रम अशा तिघांची ती जुनी रेकॉर्ड. दुसऱ्या बाजूच्या संथ गाण्यात मध्यावर बाकी दोघे थांबतात आणि ड्रमवाला तारेचा कुंचा झांजेवरून नुसता फिरवतो. एवढंच. पण एवढ्यासाठी मोरोझुमींनी उभ्या जन्माचे शनिवार खर्ची घातले होते. हल्ली ती झांज रजईआडून यावी तशी यायची, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तर तीही येईनाशी झाली होती.

दुसरा कुणी असता तर कानाच्या डॉक्टरकडे गेला असता. पण मोरोझुमी पडले जन्मभर पियानो जुळवणारे. मात्सुमोतो शहरापासून वर डोंगरातल्या शाळांपर्यंत जिथं जिथं पियानो होता, तिथं तिथं त्यांची पत्र्याची हत्यारपेटी जाऊन आली होती. आमच्या खोऱ्यात एखाद्या गावचं लोणचं नावाजतात तसा ‘मोरोझुमींचा कान’ नावाजलेला. आता निवृत्त झाले तरी मुलींच्या शाळेतला मोठा पियानो दर हिवाळ्यात त्यांच्याच हातून जुळवून घेत. या माणसानं कानाच्या डॉक्टरच्या दारात बाकावर बसायचं म्हणजे गावच्या न्हाव्यानं दाढी वाढवून हिंडण्यातला प्रकार. तरी एकदा अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी स्वतःशी कबूल केलं होतं, की विजेचं सगळं करून बघायचं आणि तरीही झांज आली नाही, तर मग… त्या ‘तर मग’च्या पुढं त्यांची जीभ रेटली नव्हती. मनातल्या मनातसुद्धा नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. या गृहस्थांनी तर अंगणच उकरायला काढलं होतं. आधी मनगटाएवढ्या जाड वायरी आणल्या. मग स्पीकरच्या पेट्यांखाली तांब्याचे पाय बसवले. मग फ्यूज बदलला. मग अर्थिंगसाठी बायकोच्या मुळ्याच्या वाफ्यात तांब्याची सळई ठोकली आणि ऐन भरातले मुळे मोडले म्हणून तिची बोलणी खाल्ली. शनिवारी दुपारी ऐकायला बसायचं तेव्हा घरातला फ्रिज बंद, कारण फ्रिज म्हणे वीज गढूळ करतो. शेजाऱ्यांनी छपरावर सोलर बसवलं तेव्हापासून मोरोझुमी त्यांना नमस्कार करायचे, पण कमरेतून जेमतेमच वाकायचे.

आणि गंमत अशी, की दरवेळी फरक पडला होता. जाड वायरीनं फरक पडला, तांब्याच्या पायांनी पडला, सळईनं तर चांगलाच पडला. काही महिने झांज लख्ख वाजायची, मग पुन्हा मंदावायची. मग मोरोझुमी पुढचा दोष शोधायला लागायचे. आता एकच जागा उरली होती, भिंतीतलं सॉकेट. घर बांधलं तेव्हाचं होतं ते. प्लग लावला तर लोंबायचा.

त्यांनी इस्पितळात वापरतात त्या जातीचं, चिमट्यासारखी घट्ट पकड असलेलं सॉकेट मागवलं. त्याच्यासाठी मेन बोर्डापासून वेगळी वायर टाकायचं ठरवलं. आमच्याकडे भिंतीतल्या विजेला परवाना नसलेल्या माणसानं हात लावायचा नाही, म्हणून मोमोसे वायरमनला बोलावलं.

मोमोसे नोव्हेंबरातल्या एका थंडगार सकाळी आला. नवी वायर हातात घेऊन त्यानं ती उलटीपालटी करून बघितली.

“मोरोझुमीसान, हिच्यावर भाताची गिरणी चालेल हो. तुम्ही काय, रेकॉर्डी दळणार आहात का?”

“तू तुझं काम कर.”

“करतोच आहे. पण सांगून ठेवतो, वीज तीच येणार. खांबावरनं येते तीच. मी काही घरनं वेगळी आणलेली नाही.”

“पाणीसुद्धा धरणातनं एकच येतं,” मोरोझुमी म्हणाले. “म्हणून गंजक्या नळाचं पिशील का?”

“परवाना विजेचा आहे माझा, नळाचा नाही,” असं म्हणून मोमोसेनं मेन स्विच खाली ओढला आणि घर गपगार झालं.

जुनं सॉकेट भिंतीतनं निघालं तेव्हा मोरोझुमींनी ते तळहातावर घेऊन खिडकीपाशी नेलं. पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्यांना केवढा आनंद झाला! हाच तो चोर, असं त्यांना वाटलं. धावत मागल्या दारी गेले. त्यांची बायको फुसाए तिथं थंड पाण्यात नोझावानाची पालेभाजी धुऊन लोणच्याच्या पिंपात थर लावत होती. हात लालबुंद झाले होते.

“अगं, हे बघ! हे बघ काय निघालं! या असल्या घाणीतनं संगीत येत होतं आपल्या घरात.”

“अरे देवा,” फुसाए म्हणाली. तिनं सॉकेटकडे बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि हात पुसून उठली. “भिंतीची धूळ पडली असेल सगळी. मोमोसेसान बोर्डाकडे आहेत तोवर पुसून घेते. तुम्ही चहाचं आधण ठेवा.”

चहा झाला, भिंतीत नवं सॉकेट चकाकू लागलं, मेन स्विच वर गेला. प्लग आत गेला तो ‘खट्’ करून घट्ट बसला. मोरोझुमींनी रेकॉर्ड लावली, सुई टेकवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं बसतात ना, तसे. पियानो आला. बास आला. मग ते दोघे थांबले.

आणि झांज आली. नुसती आली नाही, खोलीभर पसरली. तारेचा एकेक केस वेगळा ऐकू येत होता. मोरोझुमींच्या अंगावर सरसरून काटा आला. गेलेलं माणूस दार लोटून आत यावं तसा त्यांना धक्का बसला. तोंड उघडं राहिलं, डोळ्यांतनं पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. कान शाबूत होता! सगळा दोष त्या काळ्या पट्ट्यांचा होता.

त्यांनी मोमोसेकडे बघितलं. मोमोसेचा हात गालावर गेला होता, डोळे बारीक झाले होते.

“काय? आता बोल! वीज तीच आहे?”

“नाही हो,” मोमोसे दाढ दाबत म्हणाला. “हे… हे पार आत शिरतंय.” आणि हत्यारं गोळा करून तो जो निघाला तो चहाचा दुसरा पेलाही न घेता.

शनिवारी नेहमीची मंडळी आली. मंडळी म्हणजे दोघंच. आरुगा हे पोस्टमास्तर होऊन निवृत्त झालेले, बोलणं कमी आणि मान डोलावणं जास्त. मियासाकांचं सोयाबीनचं मिसो विकायचं पिढीजात दुकान. आवाज दणदणीत आणि हसणं त्याहून. हे दोघं मोरोझुमींच्या शब्दाबाहेर नसत. मोरोझुमींनी जाड वायरी घेतल्या, यांनी घेतल्या. मोरोझुमींनी सळई ठोकली, यांनी आपापल्या अंगणात ठोकल्या. मियासाकांनी तर या सॉकेटची बातमी कानावर येताच, ऐकायच्याही आधी, तसलंच सॉकेट मागवून मोमोसेला सोमवारी भिंत फोडायला सांगून ठेवलं होतं.

“अहो, तुमचा कान म्हणजे आमचा कान,” ते जोडे काढता काढताच म्हणाले. “तुम्ही म्हणालात फरक आहे, म्हणजे आहेच. भिंत काय, पुन्हा लिंपता येते.”

फ्रिज बंद झाला. सोललेली पर्सिमनची फळं आणि चहा मांडून फुसाए परसात निघून गेली. मंडळी बसली. मोरोझुमी सुई टेकवायला पाठमोरे झाले, तेवढ्यात मागं कसलीशी सळसळ झाली. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

रेकॉर्ड वाजली. मोरोझुमी डोळे मिटून ऐकत होते. झांज संपली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. आरुगांच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. मियासाकांसारखा गडगडणारा माणूस मुठी आवळून ताठ बसला होता.

“कसं वाटलं?”

दोघंही समोरच्या पेट्यांकडे बघत राहिले.

“अहो, कसं वाटलं म्हटलं!”

“हां! अप्रतिम!” मियासाका एकदम ओरडलेच. “अंगावर आलं हो!”

“सोसवत नाही इतकं,” आरुगा हळूच म्हणाले आणि त्यांनी डोळे टिपले.

मोरोझुमींना आकाश ठेंगणं झालं. ते उठून उभे राहिले. फुसाए चहाची किटली भरून आत येत होती. तिच्यादेखत त्यांनी जाहीर करून टाकलं.

“मी ठरवलंय. नुसत्या सॉकेटनं एवढा फरक, तर मुळाशीच का जाऊ नये? रस्त्यावरच्या खांबाला अख्ख्या आळीचे फ्रिज आणि धुलाईयंत्रं लोंबकळतात. मी अंगणात स्वतःचा खांब उभारणार. विजेचा. आपला एकट्याचा. थेट.”

असे खांब हौशी लोक उभारतात, ते काही आमच्याकडे नवं नाही. पण ते जमीनजुमलेवाले लोक. फुसाएच्या हातातली किटली तिरकी झाली आणि गरम चहा चटईवर सांडत राहिला. तिचं लक्षच नव्हतं. ती पांढरीफटक पडली होती.

“अगं, चहा!”

“हो,” ती म्हणाली आणि तरीही तशीच उभी राहिली.

मंडळी त्या दिवशी लवकर उठली. दारात जोडे घालून दोघंही निरोप घ्यायला वळले. आमच्याकडे निरोप म्हणजे नुसतं ‘येतो’ म्हणणं नव्हे. जितका मान मोठा तितकं वाकणं खोल, आणि शनिवारी मोरोझुमींच्या दारात तर जमिनीला नाक लागायचंच बाकी राहायचं. मियासाका वाकले. चांगले कमरेत दुमडून वाकले. आणि त्यांच्या डाव्या कानातून एक पांढरी गोळी निसटली, पायरीवर पडली आणि टुणकन उडून मोरोझुमींच्या सपातेशी येऊन थांबली.

कागदी रुमालाची गोळी होती ती. नीट वळलेली, थुंकी लावून घट्ट केलेली.

कुणीच हाललं नाही. मियासाका वाकलेले ते वाकलेलेच. वर कसं यावं ते त्यांना कळेना.

“सर्दी,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “सर्दी झालीये. कानात गेली.”

“हो हो, फार साथ आहे सध्या,” आरुगा घाईनं म्हणाले, आणि हेही वाकलेले असल्यामुळं मोरोझुमींना त्यांचा कान वरून स्वच्छ दिसला. त्यातही पांढरं होतं. दुसऱ्या कानातही होतं.

ते दोघं कसे गेले, फाटक कधी वाजलं, मोरोझुमींना काही कळलं नाही. ते पायरीवर उभे होते. मग वाकून त्यांनी ती गोळी उचलली. अजून कोमट होती. एखाद्यानं सगळ्यांदेखत थोबाडीत मारावी आणि का मारली ते सांगू नये, तसं त्यांना झालं. माझ्या घरी बसून, माझा चहा पिऊन, कानात बोळे? आणि वर डोळ्यांत पाणी आणून ‘सोसवत नाही’?

ते तरातरा आत आले. फुसाए चटईवरचा चहा टिपत होती.

“हे बघ! या लोकांनी माझी चेष्टा चालवलीये. माझ्या तोंडावर! बोळे घालून बसले होते दोघं. हा बघ, हा मियासाकाचा!”

फुसाएनं वर बघितलं नाही.

“चेष्टा नाही हो ती.”

“मग काय आहे?”

“त्यांना टोचतं. मलाही टोचतं. मोमोसेसान बिचारे दाढ धरून पळाले.” तिनं फडकं पिळलं. मग ते खाली ठेवलं आणि गुडघे जुळवून नीट बसली. “अहो, खांब उभारू नका.”

“खांबाचं काय मध्येच?”

“खांबानं काही होणार नाही. बटण आता पुढं जात नाही.”

मोरोझुमींना काही कळेना. “कसलं बटण?”

तिनं स्पीकरकडे बोट केलं.

जुन्या स्पीकरच्या पेटीला पुढून कापडाचा पडदा असतो आणि त्याच्याआड एक छोटं गोल बटण असतं, बारीक उंच आवाज कमीजास्त करायचं. मोरोझुमींनी पेट्या घेतल्या त्या दिवशी ते बरोबर मध्ये ठेवलं होतं आणि नंतर जन्मात त्याला बोट लावलं नव्हतं. हे बटण फिरवणं म्हणजे आंधळ्याची काठी घेणं, असं ते शनिवारी मंडळींना बजावत. वायर बदला, फ्यूज बदला, भिंत फोडा, पण बटणाला हात लावायचा नाही. आमच्याकडच्या या छंदातल्या सगळ्यांचाच हा सोवळेपणा आहे. अंगणात विजेचा खांब उभारतील, पण हाताशी असलेलं बटण फिरवणार नाहीत.

मोरोझुमी गुडघ्यांवर बसले. त्यांनी डावीकडचा पडदा काढला. बटणावरची पांढरी खूण मध्ये नव्हती. उजवीकडं पार टोकाला गेली होती. उजवीकडच्या पेटीचा पडदा काढला. तिथंही तेच. त्यांनी बटण पुढं फिरवून बघितलं. ते जागचं हललं नाही.

“तू फिरवलंस?”

“हो.”

“सॉकेट बसवलं त्या दिवशी? धूळ पुसायला म्हणून आलीस तेव्हा?”

“हो.”

म्हणजे सॉकेट नव्हतंच. म्हणजे ते रडले होते ते या बटणावर. पण मोरोझुमी हिशेबी माणूस. त्यांना वाटलं, ठीक आहे, एक सॉकेट गेलं. वायरी होत्याच की. तांब्याचे पाय होते. सळई होती. त्या वेळी तर कान चोख होता.

“पण सळईनं पडला होता फरक,” ते म्हणाले. त्यांचा आवाज विनवणी केल्यासारखा झाला होता. “तो तरी खरा ना?”

फुसाएनं ओलं फडकं पुन्हा हातात घेतलं.

“फुसाए?”

“सळईच्या वेळी थोडंसंच फिरवलं होतं.”

“आणि फ्यूज?”

“तेव्हाही.”

“तांब्याचे पाय?”

तिनं मान खाली घातली. “पहिल्यांदा चुकून झालं हो, खरंच. तुम्ही त्या जाड वायरी आणल्या तेव्हा. मी पडदे काढून धूळ पुसत होते, फडक्यानं बटणं थोडी हलली. मला वाटलं आता ओरडाल. तर तुम्ही येऊन बसलात, ऐकलंत आणि लहान पोरासारखे हसलात. अगं, वायरीनं जादू केली म्हणालात. मी सांगणारच होते. पण तुम्ही तसे कितीतरी दिवसांत हसला नव्हता. मग माझ्यानं सांगवलं नाही. मग पुन्हा तुम्ही कष्टी झालात, काहीतरी आणलंत. मी पुन्हा थोडं फिरवलं.” तिनं पदर नाही म्हणून एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. “आता खांब म्हणालात. खांब उभा राहील, तुम्ही खुर्चीत बसाल आणि मी काय फिरवू? संपलं हो ते.”

मोरोझुमी बसल्या जागी बसूनच राहिले. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर ते जमिनीवरच बसलेले होते. इतक्या वर्षांत एकही फरक खरा नव्हता. एकही नाही. आणि त्या एकेका फरकावर त्यांनी मंडळींना व्याख्यानं दिली होती. बिचाऱ्यांना खड्ड्यात घातलं होतं.

“मियासाकाची भिंत!” ते एकदम म्हणाले. “परवा मोमोसे भिंत फोडणार त्याची. माझ्या शब्दावर.”

ते फोनकडे गेले. फोन लागला तेव्हा मियासाका नुकते घरी पोचले असावेत. मोरोझुमींचा आवाज ऐकताच त्यांनी क्षमा मागायला सुरुवात केली.

“मोरोझुमीसान, त्या बोळ्याचं मनावर घेऊ नका, सर्दी…”

“मियासाकासान, गप्प बसून ऐका. भिंत फोडू नका. सॉकेटनं काही होत नाही. मला… ” पुढचे शब्द तोंडातून बाहेर काढायला त्यांना केवढे कष्ट पडले ते त्यांनाच ठाऊक. “माझा कान गेलाय.”

मियासाका अगदी हळू म्हणाले, “ठाऊक आहे.”

“काय?”

“आम्हाला ठाऊक आहे हो. दोघांनाही. बरेच दिवस झाले.”

मोरोझुमींनी भिंतीला हात टेकला. “ठाऊक होतं? मग वायरी कशाला घेतल्यात? सळई कशाला ठोकलीत?”

“तुम्ही सांगितलंत ना,” मियासाका म्हणाले, जणू याच्यापेक्षा साधी गोष्ट नाही. “तुम्ही आमच्याकडे ऐकायला येणार, जुनंच दिसलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं? शिवाय घरात बायका एकदाच ओरडतात, मग विसरतात.”

सभ्यपणा हा आमच्याकडचा जुना रोग आहे, आणि त्याच्यावर औषध नाही. मोरोझुमींना हसावं की रडावं कळेना. ते फोन ठेवणार, इतक्यात त्यांच्या मनात एक विचार आला.

“मियासाकासान. शाळेचा पियानो.”

मियासाकांची सून त्याच शाळेत संगीत शिकवत होती.

“गेल्या हिवाळ्यात मी जुळवला. तुमची सून पाया पडल्यासारखी वाकली. म्हणाली, फार सुरेख झालाय. खरं सांगा. सुरेख झाला होता?”

“झाला होता की. मधले सगळे सूर…”

“मियासाकासान!”

“वरचे,” मियासाका कसेबसे म्हणाले. “फक्त वरचे थोडे. दुसऱ्या दिवशी नागानोहून दुसरा एक जुळवणारा माणूस येऊन गेला. कुणाला सांगितलं नाही हो. शाळेनं तर मागल्या दारानं घेतला त्याला.”

मोरोझुमींनी फोन ठेवला की तो हातातून सुटला, ते त्यांना सांगता आलं नसतं. वरचे सूर. मुली त्या पियानोवर नववर्षाचं गाणं वाजवतात. आपण पेटी मिटली, पाकीट घेतलं, गेटपर्यंत सगळी शाळा सोडायला आली, आणि दुसऱ्या दिवशी मागल्या दारानं दुसरा माणूस. त्यांना आठवलं, की त्या दिवशी वरचे सूर जुळवताना त्यांनी कानानं नव्हे, हाताच्या सवयीनं जुळवले होते. तेव्हा ते त्यांनी स्वतःला कळू दिलं नव्हतं. हा धक्का बाकी सगळ्यांपेक्षा खोल बसला, कारण यात दुसऱ्या कुणीच त्यांना फसवलेलं नव्हतं.

फुसाए दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“शाळेचं तुला ठाऊक होतं?”

“नाही,” ती म्हणाली, आणि ते खरं असावं, कारण तिचाही चेहरा उतरला होता.

मोरोझुमींनी पुन्हा फोन उचलला आणि शाळेचा नंबर फिरवला. शनिवार असूनही कार्यालयात कुणीतरी होतं. त्यांनी नाव सांगितलं, हवापाण्याची चौकशी केली आणि म्हणाले, “यंदा पियानोला नागानोच्या त्या माणसाला बोलवा. पुढच्या दारानं बोलवा.” पलीकडचा माणूस काहीतरी गोड बोलायला लागला, तेव्हा त्यांनी ‘आभारी आहे’ म्हणून फोन बंद केला.

मग ते स्पीकरपाशी गेले. पडदे काढलेले तसेच होते. आपल्या हातानं, एक एक करून, त्यांनी दोन्ही बटणं मागं आणली आणि पांढऱ्या खुणा बरोबर मध्ये ठेवल्या. रेकॉर्डची दुसरी बाजू पुन्हा लावली, सुई टेकवली.

“ये. बस इथं.”

“मी?”

“तू.”

फुसाए बसली. पियानो आला, पण लोकरीत गुंडाळल्यासारखा. बास आला. मोरोझुमी रेकॉर्डकडे बघत नव्हते, बायकोकडे बघत होते. तिचे खांदे, जे कानांना भिडल्यासारखे वर चढलेले असत आणि ते त्यांना तिचं म्हातारपण वाटत असे, ते हळूहळू खाली आले. आपल्या बायकोची मान एवढी लांब आहे हे ते विसरूनच गेले होते. त्यांना भयंकर लाज वाटली.

मग पियानो थांबला. बास थांबला. मोरोझुमींच्या बाजूनं खोलीत काहीच उरलं नाही. ते श्वास रोखून बसले. काही नाही. रेकॉर्ड फिरत होती, तेवढी दिसत होती.

“आली?” त्यांनी विचारलं.

“आली.”

“कशी आहे?”

तिनं थोडा वेळ ऐकलं.

“हळू,” ती म्हणाली. “खूप हळू वाजते हो ती.”